वास न येणारी डबी

आमच्या दुकानात येणारं गिऱ्हाईक वस्तू हातात घेऊन उलटीपालटी करतं, भाव विचारतं, मग तोंड वाकडं करतं. काका तसलं काही करायचे नाहीत. ते वस्तू थेट नाकाशी न्यायचे. डोळे मिटून एक लांब श्वास घ्यायचे आणि बहुतेक वेळा ती हलकेच काउंटरवर परत ठेवायचे. "नको. वास आहे हिला," म्हणायचे.

पनवेलच्या बाजारात, टपाल नाक्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं स्टेशनरीचं दुकान. सासऱ्यांनी काढलेलं. नवरा उरणला बंदरात शिफ्ट ड्युटीला, त्यामुळे लग्न होऊन आल्यावर थोड्याच दिवसांत गल्ल्यावर मी बसायला लागले. वह्या, पेनं, फायली, लग्नाच्या सीझनमध्ये फोटोचे अल्बम. काका पहिल्यांदा आले ते असाच एक अल्बम बघायला. नाणी ठेवायची आहेत म्हणाले. मी व्हिजिटिंग कार्डांचा अल्बम काढून दिला, चांगला मऊ, पारदर्शक कप्प्यांचा. म्हटलं, छान दिसतील यात. त्यांनी तो उघडला आणि मधल्या पानात नाक खुपसलं.

मी आपली बघतच राहिले. आधीच मी तोंडाची फटकळ. म्हटलं, "काका, अल्बम आहे तो, अत्तर नाही."

ते हसले नाहीत. चिडलेही नाहीत. अल्बम माझ्याकडे सरकवून म्हणाले, "तुम्हीच बघा वहिनी. नव्या रेनकोटचा वास येतो की नाही?"

येत होता. आयुष्यभर प्लास्टिक विकत बसलेली मी, पण तो वास मला तेव्हा पहिल्यांदा आला. हा वास ज्या मऊ प्लास्टिकला येतो ते हळूहळू घाम सोडतं, असं काकांनी सांगितलं. तो घाम नाण्यावर बसतो, नाणं चिकट होतं, मग हिरवं होतं. एकदा हिरवं पडलं की गेलं. आणि हे शहाणपण त्यांना कुणी फुकट शिकवलं नव्हतं. असाच एक देखणा अल्बम त्यांनी हौसेनं आणला होता, सगळी चांगली चांगली नाणी त्यात लावली होती आणि पावसाळा संपल्यावर उघडून बघतात तो काय, पानोपानी शेवाळ. "मीच घातली आणि मीच मारली," म्हणाले. तेव्हापासून हे हुंगणं.

ते मग दुकानात येतच राहिले. वेळ ठरलेली, दुपारची, जेव्हा बाजार झोपलेला असतो आणि शटर अर्धं ओढून मी पेपर वाचत असते. काही घ्यायचं असो नसो, यायचे. स्टुलावर बसायचे. नवीन माल आला असेल तर हुंगायचे. नसेल तर नुसते बसायचे. बोलणं फार नाही. पण उठून गेले की दुकान जरा मोठं वाटायचं आणि रिकामं वाटायचं, हे खरं.

त्यांना हुंगेकाका हे नाव हिराबाईनं ठेवलं. हिराबाई उरणकडच्या करंजाची. सकाळच्या गाडीनं मासळीची पाटी घेऊन पनवेलला यायची आणि पाटी बरीचशी रिकामी झाली की आमच्या दुकानाच्या पायरीवर टेकायची, पाणी प्यायची. एकदा तिनं काकांना प्लास्टिकचं पाकीट नाकाशी धरलेलं पाहिलं आणि जी काय हसत सुटली!

"अवो काका, ते काय म्हावरा हाय का, ताजा हाय का शिळा हाय बघाया?"

"तेच बघतोय," काका म्हणाले. त्या दिवशी मात्र ते हसले होते.

हिराबाईचं आणि त्यांचं भांडण ठरलेलं असायचं. मासळीचा वाटा असतो, अर्धा वाटा नसतो. आणि काकांना एकट्याला वाटा संपायचा नाही. ते दरवेळी अर्धा मागायचे आणि ती दरवेळी ओरडायची, "अर्धा वाटा नाय होत काका! म्हावरा काय कापड हाय, फाडून द्यायला?" शेवटी मी मध्ये पडले. वाटा त्यांनी घ्यायचा आणि अर्धा माझ्या डब्यात घालायचा, असं ठरलं. बायको गेल्यावर कितीतरी दिवस त्यांनी मासळी आणलीच नव्हती, हे मला नंतर कळलं. आवडत नव्हती म्हणून नाही. वाटा मोठा पडत होता म्हणून.

काकूंना मी पाहिलेलं नाही. मी गल्ल्यावर बसायला लागले त्याच्या आधीच त्या गेल्या. मूलबाळ नाही. काका मिठागरांच्या सरकारी कचेरीत कारकून होते, निवृत्त झाले आणि वर्षभरात घरात एकटेच उरले. त्यांच्या बोलण्यात काकू फारशा यायच्या नाहीत. हवा मात्र रोज यायची. "आज खाडीकडून वारा आहे," असं दारातूनच सांगायचे, तोंड पाडून. आपल्याकडची हवा तुम्हाला माहीतच आहे. भाजलेला पापड ताटात वाढेपर्यंत सादळतो. त्या हवेत मीठ असतं आणि ते मीठ तांबं खातं, चांदी काळी करतं. काका म्हणायचे, "जन्मभर मिठानं पगार दिला, आता तेच मीठ वसुलीला आलंय."

त्यावर त्यांचे उपाय ऐकाल तर हसाल. चपलांच्या नव्या खोक्यात ती बारीक पुडी असते ना, खाऊ नका असं लिहिलेली, ओल शोषून घेणारी? ती ते बाजारभर गोळा करत हिंडायचे. चपलांच्या दुकानांतली पोरं त्यांच्यासाठी राखून ठेवायची. घरी नेऊन त्या पुड्या तव्यावर मंद गरम करायच्या, म्हणजे त्यातली ओल उडते, आणि मग नाण्यांच्या डब्यात टाकायच्या. "तुमच्याकडे आज जेवायला काय?" असं मी एकदा विचारलं तर म्हणाले, "पुड्या भाजल्यात." मला हसू आलं. पण दुसरं काही केलेलं नसणार, हे मला माहीत होतं.

लाकडी खण त्यांना चालायचा नाही, लाकूड आंबट वाफ सोडतं म्हणून. रबरबँड तर घरातच नव्हता, त्यानं चांदीवर काळा पट्टा उठतो. वर्तमानपत्रात गुंडाळलेलं नाणं दिसलं की त्यांचा जीव कासावीस व्हायचा. पुठ्ठ्याच्या चौकोनी घड्या मिळतात, मध्ये पारदर्शक खिडकी असलेल्या. नाणं मध्ये ठेवून चारी बाजूंनी स्टेपल मारायची. त्या त्यांना पसंत होत्या. पण स्टेपलचं टोक वर राहिलं तर शेजारच्या नाण्याला ओरखडा जाईल, म्हणून प्रत्येक पिन ते पकडीनं चेपून सपाट करायचे. माझ्याकडून स्टेपलच्या पिना घेताना त्याही हुंगायचे. लोखंडाला कसला वास, म्हटलं. म्हणाले, "सवय."

एकदा तीन-चार दुपारी ते आले नाहीत. हिराबाईनंच विचारलं, "वयनी, हुंगेकाका कुठं गेलं?" मग मी शटर ओढलं आणि चौकशी करत त्यांच्या घरी गेले. तलावाच्या बाजूला जुन्या तीनमजली इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहायचे. ताप होता. दार उघडलं आणि आधी विचारलं काय, तर, "वहिनी, दुकान कोण बघतंय?"

घर स्वच्छ होतं. फार स्वच्छ. कुणी येणार नसतं त्या घरासारखं. एक लोखंडी कपाट, त्याच्यापुढे एक खुर्ची, खुर्चीवर घडी घातलेला जुना बनियन. नाणी त्या बनियनवर काढून बघायची. मी पेज करून दिली, त्यांनी ती प्यायली आणि जरा तरतरी आली तसं कपाट उघडून मला नाणी दाखवायला लागले. भोकाचा पैसा, आणे, राणीच्या डोक्याचे रुपये, आणि त्यांच्या सगळ्यात लाडक्या त्या शिवराया, शिवाजी महाराजांच्या नावाची जुनी नाणी, तांब्याच्या, जाडजूड, कुणी घाईघाईत थापल्यासारख्या वेड्यावाकड्या. रंग काळपट, चहाच्या पातेल्याच्या बुडासारखा. मला हात लावू दिला. "बोटांनी नाही, कडेनं," म्हणाले. "बोटाचा घाम राहतो." हा काळपट रंग म्हणजेच नाण्याचं वय, तो काढला की नाणं संपलं, असंही सांगितलं.

आणि मग सगळ्यात खालच्या कप्प्यातून त्यांनी बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा काढला. त्यातही शिवराया होत्या. पण या लख्ख. नव्या तांब्याच्या तांब्यासारख्या चकचकीत. त्यातली एक वेगळी, कापसावर ठेवलेली. तिच्यावरच्या अक्षरांच्या खाचेत काहीतरी लाल साचलेलं होतं.

मी पटकन बोलून गेले, "अय्या, या किती छान आहेत! हिला जरा पाणी लावलं तर हे लालही निघेल."

काका डबा मांडीवर घेऊन बसले. मग सांगितलं त्यांनी. एकदाच सांगितलं, परत कधी तो विषय काढला नाही.

दिवाळी होती. काका तेव्हा नोकरीत होते, लक्ष्मीपूजनाच्या दिवशीसुद्धा काही कामानं उरणला जावं लागलं होतं. संध्याकाळी घरी आले. काकूंनी चौरंग मांडला होता, लाह्या-बत्तासे, नवी केरसुणी, सगळं. आणि चौरंगावर, तांदळाच्या राशीवर, या शिवराया. कितीतरी वर्षं गावोगाव हिंडून, भंगारवाल्यांच्या ढिगात बसून जमवलेल्या. काकूंनी दिवसभर बसून चिंच आणि रांगोळी लावून एकेक घासली होती. प्रत्येकीवर ओल्या बोटानं हळदकुंकू लावलं होतं. काका दारात उभे राहिले तशा त्या म्हणाल्या, "बघा तरी! लक्ष्मीसमोर अशी कळकट कशी ठेवायची, म्हणून उजळवली."

"मी काय करावं?" काका मला म्हणाले. "मी ओरडलो असतो तर बरं झालं असतं. मी चौरंगापाशी गेलो, नाणी उचलली आणि तिच्यादेखत रुमालानं कुंकू पुसत पुसत या डब्यात टाकली. बाद झाली ही, म्हणालो. एवढंच म्हणालो. मग दिवाळीभर बोललो नाही."

मी पेजेचं भांडं उचलून बाजूला ठेवलं.

"तिनं परत या कपाटाला हात लावला नाही," काका म्हणाले. "घरभर फडकं फिरवायची, कपाटाशी आली की थांबायची. वर धूळ साठायची. मी म्हणायचो, अगं पूस की. ती म्हणायची, नको, तुमचं काहीतरी बिघडायचं माझ्या हातून. रागानं नाही हो म्हणायची. खरंच भीती होती तिला. आजारी पडली तेव्हा औषधं या कपाटातच होती. हाताशी कपाट, पण घ्यायची नाही. मला हाक मारायची."

त्या गेल्यावर कधीतरी डबा उघडला तेव्हा दिसलं, एका नाण्याच्या खाचेत कुंकू राहून गेलंय. रागारागात रुमाल तिथवर पोचला नव्हता. त्या घरात काकूंच्या हातचं तेवढंच उरलं होतं. साड्या पुतणसुना घेऊन गेल्या, भांडी वाटली गेली.

"छान झालंय, एवढंच म्हणायचं होतं मला," काका म्हणाले. "दोन शब्द. नाण्यांचं जे व्हायचं ते होऊनच गेलं होतं. ते म्हटलं असतं तर काय बिघडणार होतं?"

आणि मग मला कळलं, हा माणूस एवढं प्लास्टिक कशासाठी हुंगत होता. बाकीची नाणी पुठ्ठ्याच्या घड्यांत सुखी होती. शोध चालला होता तो या एका घासलेल्या, जाणकारांच्या लेखी कवडीमोल नाण्यासाठी. पुठ्ठ्याची खिडकी कुंकवाला चिकटेल. कापसात ओल धरते. ओल धरली की कुंकवाखाली तांबं हिरवं होणार आणि कुंकू गळून पडणार. मुंबईत प्रदर्शनात कडक प्लास्टिकच्या गोल डब्या मिळायच्या, वास नसलेल्या, हवाबंद. त्यांनी आणून बघितल्या होत्या. पण त्या आजकालच्या एकसारख्या गोल नाण्यांसाठी. शिवराई जाड, वाकडी. एका डबीत मावायची नाही, दुसरीत खुळखुळायची. आणि खुळखुळली की कुंकू झडायचं.

त्या दिवसापासून मी पण पेटले. मुंबईहून माल घेऊन येणाऱ्या आमच्या माणसाला मी इतक्या डब्या आणायला लावल्या की तो मला म्हणाला, "वहिनी, सोनाराचं दुकान काढताय का?" गोळ्यांच्या डब्या, बटणांच्या डब्या, टिकल्यांच्या डब्या. काका एकेक हुंगायचे. "वास आहे." "ही मऊ आहे." "हिचं झाकण नीट बसत नाही." मला राग यायचा. एकदा म्हटलं सुद्धा, "काका, मुलगी बघायला एवढे चोखंदळ होता का?" तर म्हणाले, "नव्हतो हो. बघताक्षणी हो म्हणालो होतो." आणि पुढची डबी नाकाशी धरली.

शेवटी सापडली. जवाहिरे सुटे खडे ठेवतात तसली, चौकोनी, कडक काचेसारखी, झाकण टक् करून बसणारी. काकांनी नाकाशी धरली. डोळे मिटले. पुन्हा धरली. मग माझ्याकडे दिली. "तुम्ही बघा. माझं नाक आता म्हातारं झालंय." मी हुंगली. कसलाच वास नव्हता. आयुष्यात कसलाही वास न आल्याचा एवढा आनंद मला कधी झाला नाही.

नाणं हलू नये म्हणून आत काय भरायचं, हा प्रश्न होता. फोम नको, तो चार वर्षांत विरघळतो. आमच्याकडे चित्रकलेचा हातकागद होता, सुती, जाड. त्यातून नाण्याभोवती बसेल अशी कडी कापायची, वेडीवाकडी, नाणं जसं आहे तशी. माझ्या काउंटरवर बसून काकांनी ती कापली. हात थरथरायचे, कडी बिघडायची, पुन्हा नवा तुकडा. शेवटची बसली. नाणं आत, कडी भोवती, झाकण टक्. काकांनी डबी कानाशी नेली आणि हलवली. मग माझ्या कानाशी धरून हलवली. मग पायरीवर बसलेल्या हिराबाईच्या कानाशी.

"आवाज येतोय का?"

"काय पण नाय," हिराबाई म्हणाली. "काय हाय आत?"

"आमचं माणूस," काका म्हणाले.

त्या दिवशी त्यांनी पूर्ण वाटा घेतला. अर्धा माझ्या डब्यात घातला नाही. घरी नेला, एकट्यानं रांधला आणि दुसऱ्या दिवशी पोट धरून आले.

पुढे विमानतळ येणार, विमानतळ येणार म्हणता म्हणता आमच्या पनवेलच्या जुन्या इमारतींना भाव आला. काकांची इमारत पाडून मोठी बांधायची ठरली. तोवर भाड्यानं कुठंतरी राहा, असं बिल्डर म्हणाला. त्या वयात एकट्या म्हाताऱ्याला भाड्यानं घर कोण देतो? पुण्याहून पुतण्या आला, चांगला माणूस, म्हणाला, काका आता तुम्ही आमच्याकडेच. पण तिकडे एका खोलीत कपाट मावणार नव्हतं. संग्रह विकायचा ठरला.

नाणी घेणारा व्यापारी आला त्या दिवशी काकांनी मला बोलावून घेतलं होतं. काम काही नव्हतं. एकट्याला धीर नव्हता, एवढंच. व्यापारी एकेक घडी भिंगाखाली धरायचा आणि मान डोलवायचा. ठेवण पाहून खूश झाला होता. मग बिस्किटांचा डबा उघडला. जवाहिऱ्याची डबी त्यातच होती. काकांनी ती वेगळी का काढून ठेवली नाही, देव जाणे. मला वाटतं, व्यवहारात लपवाछपवी त्यांना जमत नव्हती. व्यापाऱ्यानं चकचकीत शिवराया पाहिल्या, डबी उचलून प्रकाशात धरली. काकांचा श्वास थांबलेला मला शेजारी कळत होता.

"अरेरे," व्यापारी म्हणाला. "धुतलेली आहेत की ही. आणि हे काय भरलंय? कुणी केलं असलं काम? ही राहू द्या तुमच्याकडेच. बाद आहेत."

तोच शब्द. पण काकांचा चेहरा बघायला हवा होता. परीक्षेत पास झालेल्या पोरासारखे हसले. व्यापारी सगळं गुंडाळून गेल्यावर दार लावून वळले आणि म्हणाले, "वाचली."

निघायच्या दिवशी दुकानात आले. स्टुलावर बसले नाहीत, उभेच राहिले. डबी शर्टाच्या खिशात होती, वर हात ठेवलेला. मी म्हटलं, पुण्याची हवा कोरडी, आता पुड्या भाजायला नकोत. म्हणाले, "हो. नाण्याला मानवेल. मला मानवते का बघू." हिराबाईनं सुकटीची पुडी बांधून दिली. त्यांनी ती हुंगली आणि "ताजी आहे" म्हणाले. सुकट आणि ताजी! हिराबाई हसता हसता पदरानं डोळे पुसायला लागली.

मग फोन यायचे. दुपारी, त्याच वेळेला. "वहिनी, तिकडे हवा कशी आहे?" मी सांगायची, खाडीकडून वारा आहे. "इकडे कोरडी आहे," ते म्हणायचे. मग काय बोलावं ते दोघांनाही सुचायचं नाही, पण फोन ठेवायचे नाहीत. तिकडे सगळे कामावर जायचे, घर संध्याकाळपर्यंत रिकामं. पुतणसून प्रेमळ आहे, डबा करून ठेवते, असं आवर्जून सांगायचे. फोन हळूहळू कमी झाले. मी केला तर पुतणसून उचलायची. काकांना पक्षाघात झालाय, बोलणं नीट कळत नाही, म्हणाली. एकदा त्यांच्या कानाला फोन लावला तिनं. नुसता श्वास ऐकू येत होता. मी म्हटलं, "काका, खाडीकडून वारा आहे." पलीकडून काहीतरी आवाज आला. हसले असावेत असं मी धरून चालते.

ते गेल्याचं पुतण्यानं कळवलं. मी दुकान बंद केलं नाही. कोण लागत होते माझे, म्हणून बंद करू? दिवसभर वह्या विकल्या. दुपारी स्टूल आत नेऊन ठेवलं, कुणी बसू नये म्हणून.

त्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर दुकानात गर्दी होती, रांगोळ्यांची पाकिटं, आकाशकंदील, लक्ष्मीची पावलं. एक बाई बाजूला उभ्या होत्या, कधीच्या. गर्दी जरा ओसरली तशा पुढे आल्या. काकांची पुतणसून. फक्त माझ्यासाठी पुण्याहून आल्या होत्या.

"काका शेवटी शेवटी सारखी एक डबी दाखवायचे," म्हणाल्या, "आणि पनवेल, पनवेल म्हणायचे. आम्हाला आधी वाटलं घराबद्दल बोलताहेत. मग ह्यांच्या लक्षात आलं, तुमच्याबद्दल म्हणताहेत. तुम्हालाच द्यायचं असणार. म्हटलं, सणाच्या आत पोचवावं."

आणि त्यांनी पर्समधून एक मखमली बटवा काढला. लाल, जरीच्या गोंड्याचा. त्यातून नाणं काढून माझ्या तळहातावर ठेवलं.

लख्ख होतं. खाच न् खाच चकचकत होती.

"तसंच कळकट कसं द्यायचं हो तुम्हाला?" त्या म्हणाल्या. "काय काय चिकटून बसलं होतं त्यात, लालसर. चिंच लावून ब्रशनं घासलं, तासभर बसले होते. तो कागदही मळला होता आतला, तो टाकून दिला. काकांची आठवण आहे, चांगली दिसायला हवी ना? डबी पण आणलीय, ही घ्या. झालंय ना नीट?"

माझी जीभ तुम्हाला माहीत आहे. एरवी मी अशी पिसाळले असते की बाजार गोळा झाला असता. शब्द तोंडाशी आले होते. समोर ती बाई उभी होती, प्रवासानं दमलेली, हातात रिकामा बटवा, आणि मी काय म्हणते याची वाट बघत होती. काकूसुद्धा तशाच उभ्या राहिल्या असतील, चौरंगापाशी.

"छान झालंय," मी म्हटलं. "फार छान झालंय हो. दमलात ना, बसा." आणि आतून स्टूल बाहेर आणलं.

त्या हसल्या. चहा घेऊन, फराळाचं घेऊन गेल्या. त्या गेल्यावर मात्र मला रडू आवरेना. गिऱ्हाईक आलं आणि माझं तोंड बघून पेन न घेताच गेलं.

लक्ष्मीपूजनाला नाणं मी चौरंगावर ठेवलं. ओल्या बोटानं कुंकू लावलं. ते काकूंचं नाही, माझं आहे, हे मला कळतं. दुसऱ्या दिवशी बाकीचं सगळं पुसलं, ते पुसलं नाही. हातकागदाची कडी कापली, नाणं डबीत घातलं, झाकण लावलं आणि कानाशी नेऊन हलवलं.

बारीक आवाज येतो. माझी कडी काकांच्यासारखी बसलेली नाही. आज दुपारी पुन्हा कापते.